आईची किडनी परकी कशी?

"पोर माझ्या पोटातलं. मग माझीच किडनी त्याला परकी कशी?" मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या ओपीडीत एक बाई विचारत होत्या. डॉक्टरांना वेळ नव्हता. त्या प्रश्नामागे मी एचएलए प्रयोगशाळेत गेले, दाता नि रुग्ण जुळतात का हे पाहणारी क्रॉसमॅच चाचणी करणाऱ्या तंत्रज्ञ ताईंकडे.

दात्याचं रक्त फायकॉल नावाच्या द्रवावर अलगद सोडून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की मधोमध पांढुरकं कडं उमटतं, त्या लिम्फोसाइट्स. त्यांतल्या टी पेशी वेगळ्या काढून त्यांवर रुग्णाचं सीरम, सशाचं कॉम्प्लिमेंट आणि शेवटी रंग. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या नारिंगी. ताई ट्रेमधली एकेक खाच न बोलता बघत होत्या. सगळं हिरवं निघालं, म्हणजे सीरममध्ये दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी नव्हत्या, तरी चेहरा सैल झाला नाही.

"इथे फक्त अँटिबॉडी कळतात," त्या म्हणाल्या. "रुग्णाच्या टी पेशी किडनी बसल्यावर बघणार. शंभरातल्या एकापासून दहापर्यंत पेशी उठतात."

एखाद्या नव्या विषाणूला ओळखणारी टी पेशी लाखात एखादी, आणि इथे शंभरातल्या एकापासून दहापर्यंत! कारण टी पेशीला प्रथिन अख्खं दिसतच नाही. एचएलए रेणू त्याचा लहानसा तुकडा द्रोणात वाढावा तसा समोर धरतो, आणि टी पेशी द्रोण नि पदार्थ एकत्रच पारखते. थायमस ग्रंथीत तिची निवड होते तीही घरच्या द्रोणांवर. त्यांना अजिबात न जुळणाऱ्या पेशी तिथे मरतात, फार घट्ट चिकटणाऱ्याही मरतात. परक्या द्रोणांची परीक्षा मात्र तिथे होतच नाही. म्हणून ते समोर आले की इतक्या पेशी एकदम जाग्या होतात.

आईच्या एचएलएचे दोन संच असतात, मुलाला त्यांतला एकच मिळतो. दुसरा तिच्या किडनीच्या पेशीपेशीवर आहे, पण मुलाच्या थायमसने तो कधी पाहिलेलाच नाही. त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर हेच. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी बसवलेली किडनी टिकली, कारण दाता रुग्णाचा एकसारखा जुळा भाऊ होता. दोन्ही संच तेच.

शिकवलेलं काम चोख करणाऱ्या टी पेशीला शत्रू म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. टॅक्रोलिमस हे औषध तिच्या आतला जागं होण्याचा निरोप अडवतं, म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी गोळी.

किडनीबरोबर आलेल्या, परके द्रोण थेट समोर धरणाऱ्या दात्याच्या डेंड्रायटिक पेशी हळूहळू संपतात आणि जाग्या झालेल्या टी पेशींची पहिली लाट ओसरते. पण पुढे रुग्णाच्याच पेशी किडनीतल्या प्रथिनांचे तुकडे उचलून आपल्या द्रोणात धरू लागतात. ही ओळख सावकाश चालते आणि थांबत नाही. "बरं वाटतंय म्हणून गोळ्या सोडलेले लोक," ताई म्हणाल्या, "रक्तातलं क्रिएटिनिन वाढल्यावर, म्हणजे किडनी बिघडू लागल्यावर परत येतात. मग त्यांच्या नमुन्यात अँटिबॉडीही सापडतात, पहिल्या वेळी नसलेल्या."