थोरला कॅमेरा आणि धाकटा कॅमेरा

महाराष्ट्राच्या ईशान्य टोकाला गोंदिया जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. वैनगंगा आणि बाघ या नद्यांचा हा प्रदेश धानासाठी प्रसिद्ध आहे. धानाला पाणी लागते. म्हणून येथील पूर्वजांनी गावोगाव बोड्या खोदल्या व तलाव बांधले. तलाव बांधण्याच्या कामी कोहळी समाजाचा मोठा लौकिक होता. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला, असे परंपरेने सांगतात. अरण्यलेखक मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी या नात्याने आपल्या आयुष्यातील काही वर्षे याच तलावाच्या परिसरात घालविली.

या पाण्याच्या आणि धानाच्या आश्रयाने महाराष्ट्रातील एक अत्यंत दुर्मिळ पक्षी येथे टिकून राहिला आहे. तो म्हणजे सारस. उडू शकणाऱ्या पक्ष्यांमध्ये सारस हा जगात सर्वांत उंच होय. पूर्ण वाढलेला सारस उंच्यापुऱ्या माणसाच्या खांद्याला खांदा लावील एवढा असतो. राखी अंग, तांबडे लाल डोके व मान, आणि कोसभर ऐकू जाणारी तुतारीसारखी हाक यांमुळे तो ओळखता येतो. नर व मादी यांची जोडी सहसा आयुष्यभर एकत्र राहते. पावसाळ्यात रोवणी आटोपली, बांध्यांमध्ये पाणी साचले, की ही जोडी पाण्यातच गवताकाड्यांचा ढीग रचून घरटे करते. मादी बहुधा दोन अंडी घालते आणि सुमारे महिनाभर दोघेही आळीपाळीने ती उबवितात. घरटे पुष्कळदा शेतकऱ्याच्या बांधीतच असते. गोंदिया जिल्ह्यातील सारसांची संख्या शंभराच्याही आत आहे. त्यामुळे प्रतिवर्षी त्यांची गणना होते, आणि त्यांची छायाचित्रे घेण्यास दूरदूरचे लोक येतात.

अशा एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराकडे पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्याच्याजवळ दोन कॅमेरे असतात. एक मोठा, तोफेसारखे लांब भिंग लावलेला, तिकाटण्यावर बसविलेला. दुसरा इतका लहान, की तो सदऱ्याच्या नाही तरी कोटाच्या खिशात सहज मावेल. मोठ्या कॅमेऱ्याची भिंगे बदलता येतात. जवळचे दृश्य, दूरचे दृश्य, फुलावरील किडा, अशा प्रत्येक कामासाठी निराळे भिंग लावावयाचे, अशी त्याची रचना असते. लहान कॅमेऱ्याचे भिंग मात्र कायमचे जडविलेले असते. ते काढता येत नाही, आणि त्यातून दूरची वस्तू जवळही आणता येत नाही. मग एवढा मोठा कॅमेरा हाताशी असता या धाकट्याचे ओझे कशासाठी?

उत्तरासाठी थोडे गणित करावे लागेल. कॅमेऱ्याच्या भिंगाला नाभीय अंतर असते. भिंगामुळे संवेदकावर वस्तूची जी प्रतिमा पडते, तिचा आकार या अंतरावर अवलंबून असतो. दूरच्या वस्तूसाठी साधा हिशेब असा: वस्तूच्या उंचीला नाभीय अंतराने गुणावे आणि वस्तू जितकी दूर असेल, त्या अंतराने भागावे. समजा, १६० सेंटिमीटर उंचीचा सारस १०० मीटर अंतरावर उभा आहे. लहान कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर २८ मिलिमीटर आहे. तर सारसाची प्रतिमा अर्ध्या मिलिमीटरहूनही किंचित लहान पडेल. संवेदक २४ मिलिमीटर उंचीचा असेल, तर त्यात एवढा मोठा पक्षी म्हणजे केवळ एक ठिपका! मोठ्या कॅमेऱ्याला ६०० मिलिमीटरचे भिंग लावले, तर तीच प्रतिमा ९.६ मिलिमीटर होते. म्हणजे चित्राच्या उंचीचे पाचांपैकी दोन हिस्से सारसाने व्यापले. आता त्याच्या डोळ्याचा रंगही दिसू लागतो.

लहान कॅमेऱ्याने एवढीच मोठी प्रतिमा मिळवावयाची झाली, तर सारसाच्या पाच मीटरांच्या आत जावे लागेल. तोवर सारस तेथे थांबणार नाही, हे सांगावयास नकोच. पक्ष्याला त्रास न देता त्याचे रूप टिपावयाचे, तर मोठ्या भिंगाला पर्याय नाही.

परंतु हेच गणित उलट्या बाजूनेही मांडता येते. संवेदकाची रुंदी ३६ मिलिमीटर धरली, तर ६०० मिलिमीटरच्या भिंगातून १०० मीटरांवरची केवळ ६ मीटर रुंदीची जागा दिसते. एखाद्या वर्गखोलीची रुंदी जेवढी, तेवढीच. २८ मिलिमीटरच्या भिंगातून सुमारे १२८ मीटर रुंदीचा प्रदेश दिसतो. त्यात ठिपक्याएवढा सारस तर येतोच, शिवाय ती बांधी, तिचा धुरा, धुऱ्यावरील झाडे, पाठीमागची बोडी, पलीकडे वाकून निंदण करणाऱ्या बाया, आणि वरचे ढगाळ आकाश हे सारे येते. पहिले चित्र सारस कसा दिसतो ते सांगते. दुसरे चित्र सारस कोठे राहतो ते सांगते. प्रदर्शनात बक्षीस बहुधा पहिल्यालाच मिळते. हा काही फारसा न्याय म्हणता येणार नाही.

लांब भिंगाची आणखी एक खोड आहे. त्यातून पाहिले असता दूरदूरच्या वस्तू एकमेकींस चिकटल्यासारख्या भासतात. सारसामागे अर्ध्या किलोमीटरवर असलेले कौलारू घर चित्रात असे दिसते, की जणू सारस त्या घराच्या अंगणातच उभा आहे. याउलट, पार्श्वभूमी पुसट झाली तर पक्षी एखाद्या निर्जन स्वर्गात राहतो असे वाटते. दोन्ही चित्रे सुंदर असतील. परंतु पाहणाऱ्याची दोन्हींमुळे फसगत होऊ शकते.

आणि गोंदियाच्या सारसांच्या बाबतीत ही गोष्ट क्षुल्लक नाही. शेतांवरून गेलेल्या विजेच्या तारांना धडकून सारस मृत्युमुखी पडल्याच्या घटना या जिल्ह्यात घडलेल्या आहेत. एवढा मोठा पक्षी उडताना चटकन वळू शकत नाही. पहाटेच्या धुक्यात तर बारीक तार त्याला दिसतही नाही. पिकांवरील विषारी औषधांचाही त्याला धोका आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, यावरून त्याचे गांभीर्य समजते. आता विचार करावा, की ६ मीटर रुंदीच्या चित्रात विजेचा खांब कसा येणार? घरटे, त्यावरून जाणारी तार, आणि दोन खांबांमधील अंतर ही सारी एकाच चित्रात दाखवावयाची, तर धाकटा कॅमेराच पुढे व्हावा लागतो. कोणत्या शेतावरील तार बदलावयाची किंवा कोठे पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या तारेला टांगावयाच्या, हे ठरविणाऱ्या अधिकाऱ्याला सारसाच्या डोळ्याचा रंग उपयोगी नाही. त्याला जागा समजली पाहिजे.

वापराच्या दृष्टीनेही लहान कॅमेऱ्याचे काही गुण आहेत. ६०० मिलिमीटरचे मोठे भिंग एकटेच तीन किलोग्रॅमच्या आसपास भरते. लहान कॅमेरा बहुधा अर्ध्या किलोग्रॅमच्या आतबाहेर असतो. मे महिन्यात नागझिऱ्याच्या कच्च्या रस्त्यावरून जिप्सी गेली, की लाल धुळीचा लोट उठतो. अशा वेळी मोठ्या कॅमेऱ्याचे भिंग बदलावयाचे म्हणजे संवेदक धुळीसमोर उघडा टाकणे होय. ज्या कॅमेऱ्याचे भिंग निघतच नाही, त्याला या बाबतीत पुष्कळच कमी धास्ती. म्हणून अनुभवी माणूस थोरल्या कॅमेऱ्याला लांब भिंग लावून ठेवतो आणि त्याला दिवसभर हात लावीत नाही. जवळचे व विस्तृत दृश्य आले, की धाकटा कॅमेरा उचलतो. शिवाय पुष्कळशा लहान कॅमेऱ्यांची झडप भिंगातच बसविलेली असते. तिचा आवाज अगदी हलका असतो. मोठ्या कॅमेऱ्याच्या काही प्रकारांत आरसा खटकन वर उडतो, आणि शांत रानात तो आवाज दूरवर जातो. माणसांच्या बाबतीतही हेच खरे. धानाची रोवणी करणाऱ्या स्त्रियांसमोर तोफेएवढे भिंग रोखले, तर त्या संकोचून काम थांबवितात. लहान कॅमेरा हाती धरून चार शब्द बोलत उभे राहिले, तर त्या आपल्या कामात पुन्हा रमून जातात.

एक दोष मात्र ध्यानात ठेवावयास हवा. लहान कॅमेऱ्याने मोठे चित्र हवे, तर जवळ जावे लागते. आणि जवळ जाण्याचा मोह घरट्यापाशी अनर्थ घडवितो. सारसाची जोडी भयाने घरट्यावरून उठली, की अंडी उघडी पडतात. ती पावसात गारठतात, उन्हात तापतात, आणि टपून बसलेल्या कावळ्यांना आयती सापडतात. चिखलात उमटलेल्या माणसाच्या पाऊलवाटेने कुत्रीही घरट्यापर्यंत पोहोचू शकतात. तेव्हा घरट्याजवळ धाकट्या कॅमेऱ्याने दुरूनच, रस्त्यावरून किंवा धुऱ्यावरून, सबंध शेताचे चित्र घ्यावे आणि पक्ष्याचे काम थोरल्यावर सोपवावे.

भिंग जडविलेला कॅमेरा ही काही नवी वस्तू नव्हे. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाची पेटी विक्रीस आणली. तिचे भिंग कायमचे बसविलेले होते आणि आत १०० चित्रांची गुंडाळी भरलेली असे. चित्रे संपली, की सबंध पेटीच कारखान्याकडे पाठवावयाची! ज्यांना छायाचित्रणाचे शास्त्र ठाऊक नव्हते, असे हजारो लोक तिच्यामुळे चित्रे घेऊ लागले. आपल्या देशातही ॲग्फा क्लिक थ्री हा साधा कॅमेरा घराघरांत पोहोचला होता. त्याच्या एका फिल्मवर चौकोनी १२ चित्रे येत. लग्नमुंजींचे किती तरी जुने ठसे त्याने जपून ठेवले आहेत. जाणकारही असे कॅमेरे वापरीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. त्यांच्याजवळ स्पीड ग्राफिक नावाचा अवजड कॅमेरा होता, आणि त्याच्या जोडीला रोलीफ्लेक्स हा भिंग न निघणारा कॅमेराही होता.

नागझिऱ्याच्या अरण्यात तर धाकट्या कॅमेऱ्याने असे काम केले आहे, की जे थोरल्याला करता आले नसते. नागझिरा अभयारण्य १९७० साली आणि नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ साली घोषित झाले. ही व जवळची अन्य वने मिळून २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. येथील वाघ मोजावयाचे कसे? वाघ रात्री हिंडतो, माणसाला टाळतो, आणि छायाचित्रकार तर बारा महिने झाडाखाली बसू शकत नाही. म्हणून झाडाच्या बुंध्याला, माणसाच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक छोटा कॅमेरा बांधून ठेवतात. त्याचे भिंग जडविलेलेच असते. पुढून एखादा ऊबदार देह हलत गेला, की आतील यंत्राला त्याची चाहूल लागते आणि चित्र आपोआप निघते. असे कॅमेरे पायवाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर जोडीने लावतात. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरील पट्टे आणि उजव्या कुशीवरील पट्टे सारखे नसतात. दोन वाघांचे पट्टेही कधी सारखे नसतात. आपल्या बोटांच्या ठशांप्रमाणेच ते प्रत्येकाचे निराळे.

ही कल्पना भारतात जुनी आहे. फ्रेडरिक चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने १९२० नंतरच्या दशकात संयुक्त प्रांतातील जंगलांत वाटेवर बारीक तार ताणून ठेवली होती. वाघाचा पाय तारेला लागला, की प्रकाशाचा झोत उडे आणि वाघ स्वतःच आपले चित्र काढून घेई. पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतात, हे त्याच्या ध्यानी आले होते. २०१८-१९ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावण्यात आले. त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख चित्रे घेतली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. बाकीच्या चित्रांत हरणे, गवे, रानडुकरे, अस्वले, आणि कित्येकदा वाऱ्याने हललेले गवत! त्यांतून वाघ निवडून काढण्यास यंत्रगणकाची मदत घ्यावी लागली.

पट्ट्यांच्या या ओळखीमुळेच ‘जय’ या वाघाची कथा आज सांगता येते. जय नागझिऱ्यात जन्मला. तरुणपणी तो तेथून दिसेनासा झाला. काही काळाने, २०१३ च्या सुमारास, नागपूर व भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवरील उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात एक भलाथोरला नर वाघ दिसू लागला. तेथील चित्रे आणि नागझिऱ्यातील जुनी चित्रे शेजारी ठेवून पट्टे ताडून पाहिले, तेव्हा हा तोच वाघ असल्याचे सिद्ध झाले. शंभराहून अधिक किलोमीटरांची वाट, मध्ये गावे, शेते, नद्या आणि वाहता राजमार्ग. एवढे सारे ओलांडून तो गेला होता. वाटेत त्याला कोणी ओळखले नाही. नागझिरा आणि उमरेड यांच्यामध्ये वाघ चालू शकतील अशी वाट अद्याप शिल्लक आहे, हे त्या चित्रांनी दाखविले, आणि ती वाट मोकळी ठेवण्याचा प्रश्न लोकांपुढे आला. पुढे एप्रिल २०१६ नंतर जय पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडल्याची खात्रीची नोंद नाही.