सुगम संगीत व्यावसायिक रेडिओवर पुन्हा रुजेल काय?

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याची दुसरी पाळी रात्री दहा वाजता सुटते. विविध भारतीवरील ‘छायागीत’ हा कार्यक्रमही वर्षानुवर्षे याच सुमारास सुरू होत आला आहे. संथ लयीतील गीते आणि त्यांच्या अधूनमधून निवेदकाचे मोजके शब्द, एवढेच त्याचे स्वरूप. रायपूरहून प्रसारित होणारी खासगी एफएम केंद्रेही दुर्ग-भिलाई परिसरात ऐकू येतात. त्यांचा भर मात्र नव्या हिंदी चित्रपटांतील गाण्यांवर, निवेदकांच्या खुसखुशीत बोलण्यावर आणि जाहिरातींवर असतो. दिवसभराच्या श्रमानंतर कानाला विसावा देणारे संगीत सार्वजनिक प्रसारणात टिकून राहिले, पण व्यावसायिक रेडिओवरून ते जवळपास दिसेनासे झाले. ते पुन्हा तेथे रुजू शकेल काय, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. त्याचे उत्तर बव्हंशी रेडिओच्या अर्थकारणात दडलेले आहे.

सुगम संगीत म्हणजे काय?

इंग्रजी भाषक देशांत ‘इझी लिसनिंग’ या नावाने ओळखले जाणारे संगीत मुख्यत्वे मोठ्या वाद्यवृंदाचे, मंद लयीचे आणि कामात व्यत्यय न आणणारे असते. भारतात त्याच्या सर्वांत जवळचा प्रकार म्हणजे सुगम संगीत. भावगीत, भक्तिगीत, गझल आणि चित्रपटबाह्य गीत यांचा त्यात समावेश होतो. ही संज्ञा घरोघरी पोहोचविण्यात आकाशवाणीचा मोठा वाटा आहे. कलावंतांची श्रेणी ठरविण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या स्वरचाचण्यांतही सुगम संगीत हा स्वतंत्र विभाग आहे. दोहोंत एक महत्त्वाचा फरक मात्र आहे. पाश्चात्त्य वाद्यसंगीताला भाषेची अडचण नसते. सुगम संगीत शब्दप्रधान असल्यामुळे ते एकेका भाषेशी बांधलेले असते.

भिलाईसारख्या नगरात हा फरक ठळकपणे जाणवतो. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. त्यानंतर देशाच्या सर्व भागांतून कामगार आणि अभियंते येथे वसाहतीस आले. मराठी भाषकांचा या प्रदेशाशी संबंध त्याहून जुना आहे. नागपूरकर भोसल्यांची सत्ता अठराव्या शतकात छत्तीसगडवर होती आणि १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर या राजधानीतून चालत असे. रायपूर येथील महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९३५ मधील आहे. अशा बहुभाषक वस्तीत मराठी भावगीत, छत्तीसगढी गीत आणि उर्दू गझल या प्रत्येकाला श्रोता आहे, परंतु कोणा एकाचा श्रोतृवर्ग मोठा नाही. सर्वांना समजणारा समान दुवा म्हणजे हिंदी चित्रपटगीत. व्यावसायिक केंद्र साहजिकच तोच दुवा पकडते.

बंदीतून मिळालेले बळ

सुगम संगीताचा सुवर्णकाळ हा स्पर्धेतून आलेला नव्हता, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. १९५२ मध्ये डॉ. बा. वि. केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांनी अभिरुची खालावते, अशी त्यांची धारणा होती. त्यांच्या कारकिर्दीत या गीतांवर मर्यादा आल्या, चित्रपट निर्मात्यांशी मतभेद झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास नाहीशी झाली. त्यांची जागा भरून काढण्यासाठी केंद्रांवर सुगम संगीताचे विभाग उभारण्यात आले. कवी, संगीतकार आणि गायक यांना नियमित काम मिळू लागले.

या व्यवस्थेतून निर्माण झालेले काही संगीत आजही जिवंत आहे. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी सुरू झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर चालले व त्यात ५६ गीते सादर झाली. मंगेश पाडगावकर, श्रीनिवास खळे आणि इंदूर येथे वाढलेले अरुण दाते यांच्या ‘शुक्रतारा’ने महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांतही स्थान मिळविले. छत्तीसगडमध्ये दाऊ रामचंद्र देशमुख यांनी १९७१ मध्ये दुर्ग जिल्ह्यात उभ्या केलेल्या ‘चंदैनी गोंदा’ या रंगमंचीय उपक्रमातील गीते लक्ष्मण मस्तुरिया व खुमानलाल साव यांच्यामुळे लोकप्रिय झाली. रायपूर आकाशवाणीने ती गावोगाव पोहोचविली.

तथापि, याच काळात श्रोता दुसरीकडे वळत होता. डिसेंबर १९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि जाहिरातदारांच्या पैशावर चालणारा हा कार्यक्रम घराघरांत पोहोचला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती ही मनोरंजन सेवा सुरू करावी लागली. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर येथे तिच्यावर जाहिराती स्वीकारल्या जाऊ लागल्या. या घटनाक्रमाचा अर्थ असा, की श्रोत्याला निवड करण्याची संधी मिळताच चित्रपटगीताने बाजी मारली. मात्र विविध भारतीने सुगम संगीताचा त्याग केला नाही. चित्रपटगीतांच्या शेजारी तिने गझल आणि चित्रपटबाह्य गीतांसाठी जागा राखून ठेवली. जाहिराती घेत असली तरी केवळ जाहिरातींवर जगण्याची सक्ती तिच्यावर नव्हती, हे त्याचे कारण होय.

सर्व केंद्रे सारखीच का?

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये दिला. पुढे २००१ मध्ये बंगळूर येथे देशातील पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले आणि २००५ च्या धोरणानंतर रायपूरसारख्या शहरांपर्यंत खासगी एफएम पोहोचले. केंद्रे वाढली की संगीताचे प्रकारही वाढतील, अशी त्या वेळी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात एकच गाणे एकाच वेळी दोन-तीन केंद्रांवर ऐकू येण्याचा अनुभव श्रोत्यांना येऊ लागला.

असे का घडते, याचे स्पष्टीकरण अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ पीटर स्टायनर यांनी १९५२ मध्येच मांडले होते. त्यांचा युक्तिवाद साध्या उदाहरणाने समजून घेता येईल. एखाद्या शहरातील १०० श्रोत्यांपैकी ८० जणांना नवी चित्रपटगीते हवी आहेत व २० जणांना सुगम संगीत हवे आहे, असे समजू. शहरात तीन केंद्रे असतील आणि तिन्ही चित्रपटगीतेच लावत असतील, तरी प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २७ श्रोते येतात. सुगम संगीताकडे वळणाऱ्या केंद्राला २० वरच समाधान मानावे लागेल. म्हणून तिघांपैकी कोणीही वळत नाही. चार केंद्रे झाल्यावर दोन्ही मार्ग सारखेच ठरतात. पाचवे केंद्र आल्यावर प्रत्येकाचा वाटा १६ वर येतो आणि तेव्हा कुठे वीस श्रोत्यांचा गट लाभदायक वाटू लागतो. थोडक्यात, २० जणांची आवड खरी असूनही बाजाराला ती दिसत नाही.

हेच गणित मालकीच्या अंगानेही पाहता येते. सर्व केंद्रे एकाच संस्थेची असतील, तर तीच चित्रपटगीते तीन ठिकाणी वाजवून तिला काहीच लाभ होत नाही. उरलेले २० श्रोते मिळविण्यासाठी ती एक केंद्र सुगम संगीताला देईल. २००५ च्या धोरणात एका कंपनीला एका शहरात एकच वाहिनी ठेवता येत असे. २०११ मध्ये जाहीर झालेल्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने, शहरात किमान तीन वेगवेगळे चालक असावेत या अटीवर, एका चालकाला तेथील ४० टक्क्यांपर्यंत वाहिन्या घेण्याची मुभा दिली. त्यानंतर २०१६ मध्ये ‘फीवर’ वाहिनीच्या चालकांनी दिल्ली आणि मुंबई येथे ‘रेडिओ नशा’ ही जुन्या हिंदी गाण्यांची वाहिनी सुरू केली. दुसरी वाहिनी हाती आल्यावर जुन्या संगीताला जागा मिळू शकते, याचे हे उदाहरण. तीही प्रामुख्याने चित्रपटगीतांचीच वाहिनी होती, हे खरे.

लहान शहरांना मात्र या सवलतीचा फारसा उपयोग होत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतील ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. सरासरी काढल्यास एका शहरास तीनच वाहिन्या येतात. वरील उदाहरणातील तीन केंद्रांची स्थिती ती हीच. दुर्ग-भिलाई नागरी समूहाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १० लाख ६४ हजार होती. एवढ्या लोकसंख्येत सुगम संगीताचे श्रोते संख्येने थोडे नसणार. परंतु वाहिन्या मोजक्या असतील तोवर त्यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र चालविणे व्यवहारात बसत नाही.

वय आणि शांतता

याखेरीज आणखी दोन अडचणी आहेत. पहिली श्रोत्याच्या वयाची. अमेरिकेत १९६० व १९७० च्या दशकांत ‘ब्यूटिफुल म्युझिक’ या नावाने चालणारी एफएम केंद्रे अत्यंत यशस्वी होती. दुकाने, कार्यालये व दवाखाने यांत ती दिवसभर चालू असत. १९८० च्या दशकात ती झपाट्याने मागे पडली. श्रोते रेडिओ सोडून गेले नव्हते, पण त्यांचे वय वाढले होते आणि जाहिरातदारांना २५ ते ५४ या वयोगटातील ग्राहक हवा होता.

दुसरी अडचण या संगीताच्या स्वभावातच आहे. अखंडता हा त्याचा गुण. जाहिरात त्याच गुणावर घाला घालते. भावगीताच्या शेवटच्या सुरानंतर लगेच मोठ्या आवाजातील जाहिरात आली, तर श्रोता ज्यासाठी थांबला होता तेच हरवते. जाहिराती कमी केल्यास उत्पन्न घटते, वाढविल्यास श्रोता जातो. शिवाय नव्या चित्रपटाचे गीत चित्रपटाच्या प्रसिद्धीमुळे आधीच कानांवर पडलेले असते. नव्या भावगीतामागे असे कोणी उभे नसते. रेडिओने ते वारंवार वाजविले नाही, तर ते कोणाला ठाऊकच होत नाही.

ब्रिटनमधील अनुभव

ब्रिटनमधील अलीकडील घटना मात्र वेगळी दिशा दाखवितात. तेथे बीबीसीच्या ‘लाइट प्रोग्रॅम’ची परंपरा १९६७ पासून रेडिओ २ कडे आली. या वाहिनीने कालांतराने तुलनेने तरुण श्रोत्यांकडे लक्ष वळविल्यावर ज्येष्ठांसाठी जागा मोकळी झाली. अनुभवी रेडिओ व्यावसायिकांनी १४ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘बूम रेडिओ’ हे युद्धोत्तर पिढीसाठीचे व्यावसायिक केंद्र सुरू केले. डिजिटल प्रसारणामुळे वाहिनीचा खर्च कमी झाला, निवेदक घरूनही कार्यक्रम करू लागले आणि थोड्या उत्पन्नावर केंद्र चालविणे शक्य झाले. निवृत्त पिढीच्या हाती खर्च करण्यासाठी पैसा आहे, हा त्यामागील व्यापारी हिशेब होता.

भिलाईतही निवृत्त कर्मचाऱ्यांची संख्या मोठी आहे. बँका, विमा, आरोग्यसेवा आणि तीर्थयात्रा यांच्या जाहिरातदारांना हा वर्ग उपयुक्त वाटू शकतो. भारतात डिजिटल रेडिओ खासगी क्षेत्रासाठी खुला करण्याविषयी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२५ मध्ये शिफारशी केल्या आहेत. या तंत्रामुळे एकाच वारंवारितेवर अनेक वाहिन्या चालविता येतात, म्हणजेच वाहिन्यांच्या तुटवड्याचे मूळ कारणच सौम्य होते. त्याचा आरंभ मोठ्या शहरांतून व्हावयाचा असल्यामुळे दुर्ग-भिलाईसारख्या ठिकाणी तो पोहोचण्यास अवधी लागेल.

काय शक्य आहे?

हे सर्व लक्षात घेता, चोवीस तास सुगम संगीत देणारे खासगी एफएम केंद्र मध्यम आकाराच्या शहरात नजीकच्या काळात यशस्वी होणे कठीण दिसते. रात्री दहानंतरच्या दोन तासांचे मात्र तसे नाही. त्या वेळी जाहिरातींचा दर उतरलेला असतो, गमावण्यासारखे थोडेच असते आणि संथ संगीताला वेळही अनुकूल असते. एकाच प्रायोजकाने संपूर्ण कार्यक्रम घेतल्यास मधल्या जाहिराती टाळता येतात. ‘गीतमाला’ही एकाच प्रायोजकाच्या नावाने ओळखली जात होती. हिंदी गझल, मराठी भावगीत आणि छत्तीसगढी गीत यांना आठवड्यातील एकेक रात्र दिल्यास बहुभाषकत्व हीच त्या केंद्राची ओळख ठरू शकेल.

मोबाइलवर हवे ते गीत तत्काळ मिळत असताना रेडिओची गरज काय, असा प्रश्न यावर विचारला जातो. मोबाइलवर श्रोता बहुधा ओळखीचे गीत शोधतो. ज्याचे नावही माहीत नाही, ते गीत त्याच्यापुढे आणून ठेवणारा निवेदक तेथे नसतो. केसकरांच्या काळात सुगम संगीत वाढले ते कवी, संगीतकार व गायक यांना नवे काही निर्माण करण्यासाठी ठरावीक वेळ आणि मानधन मिळाल्यामुळे. जुनी ध्वनिमुद्रणे पुन्हा लावून आठवणी जागविता येतील. नवे सुगम संगीत मात्र तेवढ्याने निर्माण होणार नाही. व्यावसायिक केंद्रांनी रात्रीचे ते दोन तास दिले आणि त्यांतील एखादे गीत तरी नव्या गायकाचे असले, तर हे संगीत रुजू लागले असे म्हणता येईल.