कापसाचा भाव आणि राष्ट्रांच्या सीमा

माली, बुर्किना फासो आणि नायजर ही तीन राष्ट्रे २९ जानेवारी २०२५ रोजी पश्चिम आफ्रिकी राष्ट्रांच्या आर्थिक समुदायातून रीतसर बाहेर पडली. लष्करी राजवटी आणि त्यांचे शेजारी यांच्यातील वितुष्टाचे हे पर्यवसान असल्याने त्याची चर्चाही मुख्यतः राजकीय अंगाने झाली. परंतु तेथील कापूस उत्पादकांपुढे यातून निराळाच प्रश्न उभा राहतो. माली व बुर्किना फासो यांना समुद्रकिनारा नाही. त्यांच्या कापसाच्या गाठी परदेशी जातात त्या शेजाऱ्यांच्या बंदरांतून. राज्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाठ फिरवली, तरी शेतकऱ्यांना तसे करणे परवडणारे नाही. ही जाणीव तेथील शेतकऱ्यांना सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीच झाली होती, आणि तिचा इतिहास कापूस पिकविणाऱ्या महाराष्ट्रानेही समजून घेण्याजोगा आहे.

२००१ च्या अखेरीस जागतिक बाजारात कापसाचा भाव पौंडाला ४० सेंटच्याही खाली घसरला. त्याच सुमारास अमेरिका आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना वर्षाला जवळजवळ ३ अब्ज डॉलरचे साहाय्य देत होती. भाव पडला तरी तेथील पेरा आटत नव्हता. त्याचा भार चार-दोन हेक्टरांवर बैलांनी शेती करणाऱ्या आफ्रिकी शेतकऱ्यावर पडत होता. अशा वेळी, नोव्हेंबर २००१ मध्ये, बुर्किना फासोतील बोबो-दिउलासो या शहरातून बेनिन, माली व बुर्किना फासो येथील उत्पादक संघटनांनी एकत्रितपणे एक आवाहन प्रसृत केले. श्रीमंत राष्ट्रांनी ही अनुदाने थांबवावीत, अशी त्यांची मागणी होती.

हे ऐक्य आकाशातून पडलेले नव्हते. या देशांत कापसाचा खरीदार बहुधा एकच, तोही सरकारी वा निमसरकारी. भाव ठरवी तो तोच. २००० साली मालीतील शेतकऱ्यांनी या भावाच्या निषेधार्थ कापूस पेरण्याचेच नाकारले आणि त्या हंगामात देशाचे उत्पादन जवळजवळ निम्म्यावर आले. ज्यांनी घरच्या खरीदाराशी झुंज दिली होती, त्यांनाच सीमेपलीकडच्या शेतकऱ्याशी हातमिळवणी करण्याचे बळ आले, हे विसरता कामा नये.

सरकारे मागाहून आली. एप्रिल २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, माली व चाड या चार राष्ट्रांनी कापसाचा प्रश्न जागतिक व्यापार संघटनेपुढे मांडला. सप्टेंबरमध्ये कान्कुन येथील परिषद फिसकटली, तरी कापूस हा विषय सर्वांच्या तोंडी झाला. डिसेंबर २००४ मध्ये आफ्रिकी कापूस उत्पादकांचा संयुक्त संघ स्थापन झाला आणि बुर्किना फासोचे फ्रान्स्वा त्राओरे त्याचे पहिले अध्यक्ष झाले.

यातून पदरी काय पडले? उत्तर फारसे समाधानकारक नाही. व्यापार संघटनेने कापसासाठी स्वतंत्र उपसमिती नेमली. २००५ च्या हाँगकाँग परिषदेत निर्यात अनुदाने बंद करण्याचे ठरले. मात्र देशांतर्गत साहाय्याचा मुख्य प्रश्न लोंबकळतच राहिला. याच अनुदानांविरुद्ध ब्राझीलने दाद मागितली. २००५ मध्ये अपिलातही त्याची सरशी झाली. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन अखेरची तडजोड केली, पण ती भरपाई ब्राझीलच्या कापूस उद्योगाला मिळाली. बेनिन व चाड त्या खटल्यात केवळ त्रयस्थ पक्ष होते. न्याय्य बाजू असणे आणि ती पदरात पाडून घेण्याची ताकद असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढाच याचा अर्थ.

येथे कोणी असा आक्षेप घेईल की, निरनिराळ्या देशांतील कापूस उत्पादक हे मुळात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. त्यांच्यात सहकार्य कसले? आक्षेप वरवर सयुक्तिक आहे. भारताचा आणि पश्चिम आफ्रिकेचा कापूस बांगलादेशातील गिरण्यांच्या दारात एकमेकांसमोर उभा राहतो, हे खरेच आहे. परंतु त्या दारातला भाव या दोघांपैकी कोणीच ठरवीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काही काळापुरते माफ केले, तेव्हा कोणत्या परक्या शेतकऱ्याने यवतमाळच्या शेतकऱ्याविरुद्ध कारस्थान केले होते? निर्णय दिल्लीत झाला, आणि तो गिरणीमालकांच्या गरजेनुसार झाला.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९७२ मध्ये येथे कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेजारच्या राज्यात भाव अधिक असला की कापूस चोरवाटांनी सीमा ओलांडी, आणि तो अडविण्यासाठी नाके उभारले जात. आफ्रिकेतही शेजारी देशांच्या भावांत तफावत पडली की हेच घडते. सरकार अशा वेळी पहारा वाढविते. संघटनांनी विचारावयास हवे ते हे की, दोन्हीकडचा भाव कोणत्या हिशेबाने ठरला.

सहकार्याचा प्रारंभ म्हणूनच भव्य परिषदांतून होण्याची गरज नाही. सीमेपलीकडचा भाव व्यापाऱ्याला रोज कळतो. शेतकऱ्याला तो हंगाम उलटल्यावर कळतो, किंवा कळतच नाही. उत्पादन खर्च, खरेदीचा दर, बियाण्याचा अनुभव, बंदरापर्यंतचे वाहतूक भाडे यांची नियमित देवाणघेवाण शेजारी देशांतील संघटनांनी सुरू केली, तरी वाटाघाटीच्या मेजावर त्यांचे अज्ञान कोणाला विकून खाता येणार नाही. पश्चिम आफ्रिकेतील सरकारे आज दुभंगली आहेत. अशा काळात तेथील उत्पादकांचा संघ टिकतो की नाही, याकडे आपल्या शेतकरी संघटनांनी लक्ष ठेवले पाहिजे. तो टिकला, तर सरकारांच्या भांडणातही शेतकऱ्याची बाजू मांडणारे कोणी उरेल. मोडला, तर ते कामही पुन्हा सरकारांच्याच मर्जीवर सोपवावे लागेल.