रविवारची मोटार

जुनी वस्तु घरांत ठेवावी कीं काढून टाकावी, या प्रश्नावर एकत्र कुटुंबांत बहुधा दोन पक्ष कायमचे ठरलेले असतात. माळ्यावरचीं पितळेचीं पातेलीं, पाय मोडलेला चौरंग, आजोबांचें बंद पडलेलें घड्याळ, यांवर हे वाद वर्षानुवर्षें चालतात आणि त्यांत कोणाचें फारसें बिघडत नाहीं. परंतु घरांत नसलेली जुनी वस्तु पैसे मोजून आणावी काय, असा प्रश्न गेल्या दिवाळीनंतर आमच्या घरीं निघाला. आणि ती वस्तु म्हणजे पन्नास वर्षें उलटलेली मोटार असल्यामुळें तो माळ्याच्या वादाइतका निरुपद्रवी राहिला नाहीं.

धाकट्या चुलतभावाच्या कचेरींतील एका गृहस्थांच्या वडिलांची 1974 सालची प्रीमिअर पद्मिनी कोथरूडच्या एका बंगल्यांत पत्र्याच्या छपराखालीं उभी आहे. वडील निवर्तले; मुलांस ती नको. भावाचें म्हणणें असें कीं, रोजच्या कामास घरची नवी मोटार आहेच. ही केवळ रविवारीं पानशेत, सासवड, भोर अशा रस्त्यांनीं फिरण्यासाठीं घ्यावी. खरा हेतु त्यानें दोन दिवसांनीं सांगितला. आमचे थोरले काका, ज्यांना आम्ही सर्व आप्पा म्हणतों, यांनीं उभें तारुण्य फियाटच्या चाकामागें घालविलें. घरांतील एका लग्नाच्या वेळीं ती विकावी लागली, आणि त्यानंतर त्यांनीं तिचें नांव काढलेलें कोणी ऐकलें नाहीं. आतां त्यांस शाहात्तरावें वर्ष चालू आहे. चौकशीचें काम माझ्याकडे सोंपविण्यांत आलें, तें बहुधा मला मोटारींतलें कांहीं समजत नाहीं म्हणूनच. हल्लीं ही हौस आणखीही घरांत डोकावूं लागली असल्यानें चौकशींत जें हातीं लागलें तें येथें देत आहें.

या मोटारीचें कूळ सांगितल्याशिवाय तिचें मोल कळणार नाहीं. वालचंद हिराचंद यांनीं 1944 सालीं प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली आणि कुर्ल्यास तिचा कारखाना उभा राहिला. इटलींतील फियाटची 1100 ही मोटार पुढें तेथें बनूं लागली. तिच्या पहिल्या गोल नाकाच्या अवताराला आपल्या लोकांनीं ‘डुक्कर फियाट’ असें नांव दिलें. त्यांत तिरस्कारापेक्षां मायाच अधिक होती. पुढचा चौकोनी अवतार 1964 सालचा. फियाटचें नांव गळून पडल्यावर तिला ‘प्रेसिडेंट’ म्हणूं लागले आणि 1974 पासून ती ‘पद्मिनी’ झाली. त्या काळीं फियाट, अँबेसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड एवढ्याच मोटारी मध्यमवर्गाच्या आवांक्यांत. त्याही नोंदवून कित्येक वर्षें वाट पाहावी तेव्हां मिळत. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी 2003 च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा भरतांच 2023 च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून उतरली. या घटनेचा कौतुकाशीं संबंध आहे तितकाच व्यवहाराशींही आहे. ज्या कारागिरांचें पोट या टॅक्सींवर चाले, ते आतां दुसऱ्या कामांस लागत आहेत. नाना पेठेंत सुटे भाग अजून मिळतात. पण ‘मिळतील, आठ दिवसांनीं या’ हें उत्तर ऐकण्याची तयारी हवी.

आतां कायद्याकडे वळूं. येथें माझी मोठी समजूत खोटी ठरली. पन्नास वर्षें झालेल्या मोटारींसाठीं केंद्र सरकारनें 2021 च्या जुलैंत निराळे नियम केले. मूळ स्वरूपांत राखलेल्या मोटारीस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतें. क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीचें शुल्क त्या नियमांत 20,000 रुपये ठरलें आणि नोंदणीची मुदत दहा वर्षें. हें ऐकून भाऊ हर्षभरित झाला. पण त्याच नियमांत पुढें असें आहे कीं, अशी मोटार रस्त्यावर नित्याच्या वापरास काढतां येणार नाहीं. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, तांत्रिक संशोधन, तेल भरणें आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर निघावी. दर रविवारीं पानशेतला जाऊन भजीं खाणें हें यांपैकीं कोणत्या सदरांत बसतें, हें मला तरी सांगतां येणार नाहीं! म्हणजे ज्याला चालवावयाची आहे त्यानें त्या मानाच्या अक्षरांचा मोह सोडून साधी नोंदणीच पुढें चालू ठेवणें श्रेयस्कर. पंधरा वर्षांनंतर ती दर पांच वर्षांनीं तपासणीसह नवी करावी लागते. तिचें शुल्क 2022 सालीं 600 वरून 5,000 रुपयांवर गेलें आणि 2025 सालीं वीस वर्षांपुढील मोटारींसाठीं दुप्पट झालें. आपल्या राज्याचा पर्यावरण कर वेगळा.

कोथरूडच्या मोटारीचे कागद पाहिले तेव्हां निराळीच अडचण निघाली. नोंदणीची मुदत मागेंच संपलेली, आणि पुस्तकावर नांव निवर्तलेल्या वडिलांचें. मोटार जरी मुलाच्या अंगणांत असली तरी ती वारसांची. प्रथम ती वारसाच्या नांवें व्हावी, इतर वारसांनीं संमति द्यावी, मग ती आपल्या नांवें. त्या गृहस्थांच्या दोन बहिणी, एक नागपुरास आणि एक बडोद्यास. ‘त्यांची कांहीं हरकत नाहीं’ असें ते म्हणाले. आमच्या काकू म्हणाल्या कीं, हरकत नसेल तर सही करण्यासही नसावी. सह्या येण्यास दोन महिने लागले. इसार देण्यापूर्वीं हें विचारलें याचें समाधान वाटतें. कारण रंग पाहून भुललेला मनुष्य कागद शेवटीं पाहतो.

रंगाविषयींही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ मोटारींस खालीं लोखंडी सांगाडा असे आणि वरचें अंग त्यावर बसविलेलें असे. फियाटचें तसें नाहीं. तिचें पत्र्याचें अंग हाच तिचा सांगाडा. म्हणून दारांखालच्या पट्ट्या, पाय ठेवण्याची तळजमीन, बॅटरीखालची बैठक, मागच्या पेटींतली जादा चाकाची जागा, येथें गंज लागला असेल तर तो केवळ रूप बिघडवीत नाहीं, मोटारीची हाडेंच पोखरतो. विकणारे अशा जागीं पुटी भरून वर चकचकीत रंग देतात. एका वृद्ध मिस्त्र्यानें मला यावर साधा उपाय सांगितला: मऊ फडक्यांत गुंडाळलेलें लोहचुंबक पत्र्यावरून हळूहळू फिरवावें. जेथें तें धरीत नाहीं, तेथें पत्र्याऐवजीं पुटी आहे असें समजावें. आम्हीं हा प्रयोग केला. तीन दारें उत्तम. चवथ्या दाराखालीं चुंबक वीतभर अंतर निर्विकारपणें घसरून गेलें. इंजिनाचा मात्र विशेष बाऊ करण्याचें कारण नाहीं. 1089 घनसेंटिमीटरचें, चार सिलिंडरांचें, सुमारें चाळीस अश्वशक्तीचें तें सरळ यंत्र आहे. थंड असतां सुरू करावें, निळा धूर निघाला तर तें तेल पितें असें समजून तेवढी किंमत कमी करावी.

त्यापेक्षां पेट्रोलाचा विचार अधिक करावा लागतो. 2025 पर्यंत आपल्याकडील पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल आलें. पन्नास वर्षांपूर्वींच्या रबरी नळ्या आणि कार्बुरेटरांतील पडदे त्यासाठीं केलेले नव्हते. ते फुगतात, चिरतात आणि पेट्रोल गळूं लागतें. गरम इंजिनावर पेट्रोल गळणें म्हणजे काय, हें गृहिणीस स्टोव्हवरूनच ठाऊक आहे. या नळ्या नव्या मालाच्या घालून घेणें हा पहिला खर्च धरावा. शिवाय इथेनॉल हवेंतलें पाणी ओढतें, त्यामुळें महिनाभर उभ्या राहिलेल्या मोटारीच्या टाकींत गंज धरतो. तिकडे ब्रेक अडकतात, बॅटरी उतरते, टायर एका अंगावर चेपतात. म्हणजे रविवारीं फिरणें ही जितकी आपली हौस, तितकीच त्या मोटारीची गरज आहे. पाऊस असो, पाहुणे असोत, परीक्षा असो, आठवड्यांतून एकदां तिला अर्धा-पाऊण तास नेऊन इंजिन पुरतें तापवून आणलेंच पाहिजे. आमच्या घरांत मोती नांवाचा कुत्रा होता, त्याला रोज कोणी फिरवावयाचें यावरून जे तह आणि तंटे झाले ते मला आठवले.

मुलांच्या बाबतींत मात्र मी कठोर झालों. त्या काळच्या मोटारींत पट्ट्यांची सक्ती नव्हती. पुढची बैठक सलग बांकासारखी असल्यामुळें मुलांस मध्यें बसविण्याचा मोह होतो. चारही चाकांस जुन्या धर्तीचे ड्रम ब्रेक, ते घाटाच्या लांब उतारावर तापले कीं धरीत नाहींत. तेथें खालच्या गिअरनेंच उतरावें लागतें. आजूबाजूच्या नव्या मोटारी मात्र क्षणांत थांबतात. तेव्हां द्रुतगति मार्ग वर्ज्य, रात्र वर्ज्य, आणि पट्टे बसवून घेईपर्यंत मुलेंही वर्ज्य, असें मी बैठकींत सांगितलें. मुलांनीं माझ्याशीं दोन दिवस अबोला धरला.

राहतां राहिले आप्पा. कागद येतांच त्या गृहस्थांच्या आवारांतच त्यांस एकदां बसवून पाहावें असें ठरलें. दांडा चाकाच्या दांडीवरच असलेला तो गिअर त्यांच्या हातानें न पाहतां शोधला. चेहरा असा झाला कीं आम्ही सगळे दुसरीकडे पाहूं लागलों. आवारांत त्यांनीं दोन फेऱ्या मारल्या, तिसरी मारली नाहीं. घरीं येईपर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. रात्रीं जेवतांना म्हणाले, ‘क्लच जड आहे. गुडघा ऐकत नाहीं.’ आणि थोड्या वेळानें, ‘घ्यायची तर माझ्यासाठीं घेऊं नका. चालवणारा कोण तें ठरवा.’

हाच प्रश्न आम्हीं प्रथम विचारावयास हवा होता. भावास रविवारीं कचेरीचें काम असतें कीं नसतें, हें त्याच्या बायकोनें वहीच काढून दाखविलें: गेल्या तीन महिन्यांत मोकळे रविवार पांच. अखेर असें ठरलें कीं, भाऊ आणि त्याची पुतणी, जिला गेल्या वर्षीं परवाना मिळाला, या दोघांनीं पाळी वांटून घ्यावी. आप्पांनीं शेजारीं बसून शिकवावें. पैसे भावाच्या एकट्याच्या शिलकेंतून जावेत, घरखर्चाच्या डब्यास कोणी हात लावूं नये. आणि वर्षभरांत दहा रविवार जरी चुकले तरी मोटार विकावी.

चवथ्या दाराविषयीं ऐकून त्या गृहस्थांनीं किंमत एकदम उतरविली. भावास तें औदार्य वाटलें. काकूंस संशय आला. येत्या शनिवारीं मोटार उचलून खालून पाहण्याचें ठरलें आहे, आणि लोहचुंबक काकूंनीं आतांपासूनच आपल्या पिशवींत टाकून ठेवलें आहे.