‘उसने’ घेतलेले पैसे

बँकेत अपहार करणारा कर्मचारी बहुधा सराईत गुन्हेगार नसतो. त्याची बरीच वर्षे नोकरी झालेली असते, नावावर एकही गुन्हा नसतो आणि तिजोरीची किल्ली विश्वासानेच त्याच्या हाती आलेली असते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड क्रेसी यांनी अपहाराबद्दल शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी बोलून १९५३ मध्ये याची उकल मांडली. माणसाला पैशाची अशी अडचण येते, जी तो कोणालाही सांगू शकत नाही. हाताखालून जाणाऱ्या पैशातून ती गुपचूप सुटेल हे त्याला दिसते. मग ‘चोरी नव्हे, उसने घेतोय, महिनाअखेर परत ठेवीन’ अशी तो मनाची समजूत घालतो.

यातली न सांगता येणारी अडचण सर्वांत महत्त्वाची. आजारपणाचा खर्च माणूस नातेवाइकांना सांगतो. शेअर बाजारातला तोटा, सट्टा, दारू किंवा लपवलेले दुसरे घर सांगत नाही. मिळकतीपेक्षा मोठा संसार मांडून बसलेल्याला तो आवरता घेण्याची लाज वाटते. अपहारांचा अभ्यास करणाऱ्या ‘असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एग्झामिनर्स’ या संस्थेच्या जागतिक अहवालांत ऐपतीबाहेरचे राहणीमान हेच सर्वाधिक आढळणारे लक्षण ठरले आहे. तरीही नवी गाडी घेणारा प्रत्येक कारकून संशयित मानणे अन्यायाचे होईल. गाडी कर्जाची असू शकते, सासरची असू शकते.

संधी मात्र बँकच देते. पुण्याच्या बुधवार पेठेसारख्या बाजारपेठेत रोखीचा राबता मोठा, व्यवहार ओळखीचा. अशा ठिकाणी पावती न पाहता खिशात टाकणारा खातेदार कॅशियरवर विश्वास टाकत असतो, तोच विश्वास अडचणीतल्या माणसाला मोह घालतो. मोठ्या प्रकरणांतही संधी बँकेच्या आतूनच मिळालेली दिसते. पुण्यातील शिवाजीराव भोसले सहकारी बँकेत ७१ कोटी ७८ लाख रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला. मे २०२१ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मुंबईच्या न्यू इंडिया सहकारी बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत तिजोरीतील रोकड हिशेबाशी जुळेना. १२२ कोटींच्या अपहाराच्या आरोपावरून हिशेब विभागाच्या प्रमुखालाच अटक झाली. हिशेब लिहिणारा आणि पैसे सांभाळणारा यांच्यात अंतर उरले नाही, की रकमेला मर्यादा राहत नाही.

अपहार पकडण्याचे एक साधन फार साधे आहे, ते म्हणजे रजा. अपहार करणारा रजेवर जायला धजत नाही, कारण त्याच्या टेबलावर दुसरा बसला की जुळवाजुळव उघडी पडते. वर्षानुवर्षे रजा न घेणारा, बदली टाळणारा, सर्वांत उशिरा घरी जाणारा कर्मचारी कष्टाळू म्हणून वाखाणला जातो आणि तपासणीतून निसटतो. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेत एक अधिकारी सुमारे सात वर्षे एकाच कामावर राहिला. तो निवृत्त झाल्यावर, २०१८ च्या सुरुवातीला, नव्या अधिकाऱ्याने ग्राहकाकडे तारण रक्कम मागितली, तेव्हा तोवर तारणाशिवाय चाललेल्या गैरव्यवहाराला वाचा फुटली. रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये संवेदनशील पदांवरील कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा, पूर्वसूचना न देता, सलग किमान दहा कामाचे दिवस रजेवर पाठवण्यास बँकांना सांगितले.