अश्रूंबरोबर कागदही पुसा



४ जुलै २०२३ चा दिवस शिरपूर तालुका विसरलेला नाही. मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरला ब्रेक निकामी झालेला कंटेनर मोटारसायकली व मोटारीला धडकून हॉटेलात घुसला. किमान दहा जण दगावले.

दूध, भाजी, खताची गोणी, सारे आपण मोटारसायकलवरच नेतो. त्यामुळे कुणाचाही गाडीवरचा माणूस गेला, की साऱ्या गावाला चटका बसतो. शेजारी भाकरी पोचवतात, भाऊबंद धीर देतात. पण तेरावे आटोपले की जो तो शेताकडे वळतो. सातबारा कुठे ठेवला आहे, हेही त्या माउलीला ठाऊक नसते.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत अपघाती मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. १० ते ७५ वयाचा शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक जण त्यास पात्र असतो. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. सातबारा, मृत्यूचा दाखला, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, वारसाची कागदपत्रे जोडावीत. मृत व्यक्ती स्वतः गाडी चालवत असल्यास परवानाही लागतो.

तेव्हा सांत्वनाला जाताना गावातला एखादा शिकलेला मुलगा सोबत न्या, कागद गोळा करून द्या. आणि उद्या गाडीला किक मारण्याआधी हेल्मेट घाला, परवाना खिशात ठेवा.