एक डिस्क, अनेक वाटेकरी

संगणकाची कुवत मोजताना त्याचा वेग आणि त्याची स्मृती यांचाच विचार सामान्यतः केला जातो. तथापि, काम पुष्कळदा अडते ते तिसऱ्याच ठिकाणी. माहिती कायमची साठवून ठेवणारी डिस्क हे ते ठिकाण होय. संगणकावर अनेक कामे एकाच वेळी चालू असली, तरी डिस्क बहुधा एकच असते आणि तिच्यातून दर सेकंदाला ये-जा करू शकणाऱ्या माहितीला मर्यादा असते. या क्षमतेची वाटणी कोणत्या न्यायाने करावयाची, हा प्रश्न प्रचालन प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे ‘कर्नेल’ला, सोडवावा लागतो.

समजा, एका कार्यालयातील संगणकावरून नागरिकांना दाखले दिले जात आहेत. त्याच वेळी त्याच संगणकावर सर्व नोंदींची राखीव प्रत काढण्याचे काम सुरू झाले. दोन्ही कामे आवश्यक आहेत. राखीव प्रत रात्रीपर्यंत पूर्ण झाली तरी चालेल. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसाला मात्र दाखला आता हवा आहे. कर्नेलने लक्ष घातले नाही, तर खोळंबा होतो तो नेमका त्याचाच.

माप कोणते लावावे?

याचे कारण डिस्कच्या रचनेत आहे. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, असे धरू. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. सलग लिहिलेली माहिती वाचावयाची असल्यास अशी डिस्क सेकंदाला दीडशे मेगाबाइटपर्यंत माहिती देऊ शकते. परंतु विखुरलेल्या नोंदी वाचताना प्रत्येक वेळी वाचनशीर्ष हलवावे लागते आणि चकती फिरून योग्य जागी येण्याची वाट पाहावी लागते. मग सेकंदाला शंभराच्या आसपासच नोंदी हाती येतात. नोंद चार किलोबाइटची असेल, तर ही माहिती अर्धा मेगाबाइटही भरत नाही. राखीव प्रतीचे वाचन सलग असते, दाखल्यांचे विखुरलेले. म्हणून दोघांना समान मेगाबाइट देणे म्हणजे समान न्याय नव्हे. खरी वाटणी डिस्कच्या वेळेची करावयास हवी.

लिनक्स प्रणालीतील प्रयत्न

लिनक्स या प्रचालन प्रणालीत हे तत्त्व ‘सीएफक्यू’ या नियोजकाने अंगीकारले. २००६ साली लिनक्सच्या २.६.१८ या आवृत्तीत त्याला मुख्य स्थान मिळाले. डिस्कवर वाचन करणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेला तो स्वतंत्र रांग आणि वेळेचा वाटा देत असे. मात्र, ज्याने दहा प्रक्रिया सुरू केल्या त्याला दहा वाटे मिळू लागले. यावर उपाय म्हणून प्रक्रियांचे गट करून गटाला वाटा देण्याची पद्धत आली. गटांची ही सोय, म्हणजे ‘सी-ग्रुप’, २००८ साली लिनक्समध्ये दाखल झाली आणि २०१० साली विवेक गोयल यांनी तयार केलेला डिस्कविषयक नियंत्रक तीत समाविष्ट करण्यात आला.

या नियंत्रणाचे प्रकार दोन. पहिला भारांकाचा. दाखल्यांच्या गटाला ३०० आणि राखीव प्रतीला १०० भारांक दिल्यास डिस्कचा तीन-चतुर्थांश वाटा पहिल्याला व एक-चतुर्थांश दुसऱ्याला मिळतो. खिडकीवर कोणी नसेल, तर संपूर्ण डिस्क राखीव प्रतीला मिळते. काहीही वाया जात नाही. दुसरा प्रकार कमाल मर्यादेचा, जो २०११ च्या आरंभी आला. सेकंदाला दहा मेगाबाइट अशी मर्यादा घातली, की डिस्क रिकामी असली तरी त्यापुढे जाता येत नाही. आपली पाळी नसलेल्या शेतकऱ्याने भरल्या कालव्याकडे पाहत बसावे, तसाच हा प्रकार. तरीही ठरलेल्या वापराचे ठरलेले मोल आकारावयाचे असेल, तेथे हीच पद्धत सोयीची ठरते.

लेखनाची अडचण

लेखनाच्या बाबतीत एक पळवाट राहिली होती. प्रक्रियेने लिहिलेली माहिती प्रथम स्मृतीत साठते आणि कर्नेल ती सवडीने डिस्कवर उतरवते. त्यामुळे हा खर्च कर्नेलच्याच नावे पडे व खरा वाटेकरी मर्यादेतून निसटे. २०१५ पासून सी-ग्रुपच्या नव्या रचनेत लेखनाचा हिशेब मूळ गटाच्या खाती मांडण्याची सोय झाली. मात्र त्यासाठी फाइल प्रणालीचीही साथ लागते.

पुढे फिरती चकती नसलेल्या एसएसडी डिस्क आल्या. त्या एकाच वेळी अनेक मागण्या पुऱ्या करतात. त्यामुळे एकेकाला वेळ वाटून देण्याची पद्धत तेथे अपुरी ठरली आणि २०१९ साली सीएफक्यू लिनक्समधून काढून टाकण्यात आला. त्याच वर्षी आलेली ‘आयओकॉस्ट’ ही पद्धत प्रत्येक मागणी वाचनाची की लेखनाची, सलग की विखुरलेली आणि किती मोठी, हे पाहून तिचा अंदाजे खर्च ठरवते आणि तो त्या गटाच्या नावे मांडते.

अशा रीतीने वाटणीचे साधन उत्तरोत्तर नेमके होत गेले. परंतु कोणाचे काम आधी व्हावे, हे कर्नेल स्वतः ठरवू शकत नाही. नव्या रचनेत, कोणी काही सांगितले नाही, तर प्रत्येक गटाचा भारांक १०० धरला जातो. दाखल्यालाही तेवढाच, राखीव प्रतीलाही तेवढाच. तो आकडा बदलण्याचे काम व्यवस्थापकाचे आहे. खिडकीपुढच्या माणसाला किती वेळ उभे राहावे लागेल, हे त्या एका आकड्यावर अवलंबून असते.